एकविसावं

एरचशा बिलिमोरिया देवळालीहून यायचे,
सायकलच्या दांडीला बिस्किटांचा डबा बांधून.
डब्यात वीस रिकामी काडतुसं,
करंगळीच्या दोन पेरांएवढी, बुडाला काठ असलेली,
ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा खेड्याच्या मापाची.
आख्ख्या मुंबईत ते माप मिळत नव्हतं.
"दुकानवाला बोलला, बावाजी, रायफल विका.
मी बोललो, साला, तू दुकान विक."

वडील तांबट. सखाहरी वडनेरे.
बंब, घंगाळं, लग्नातल्या घागरी.
त्यांना गळा कळायचा, घागरीचा काय, काडतुसाचा काय.
दर बाराला पितळ फुगतं, मग ते ठोकून मापात आणायचं,
ठोकलं की ते हट्टाला पेटतं
आणि एक दिवस गळ्याला चीर जाते.
म्हणून दिवा मालवून, अंधारात,
बूड पाण्यात उभं ठेवून फक्त गळा जाळावर धरायचा;
लाली फुटतेय असं वाटलं की आडवं पाडायचं.
चुर्र.
"बूड मऊ झालं तर डोळा जाईल त्यांचा,"
एवढंच एकदा म्हणाले.

माझं काम काट्याचं.
सराफ बाजारातून विसपुत्यांचा काटा मागून आणायचा,
पुराच्या गाळातून निघालेला, तरी खरा.
एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात दारू.
शेजारी ऐकलं, वडनेऱ्यांची पोर दारू तोलते,
आई महिनाभर ओट्यावर बसली नाही.
पंखा बंद. श्वास बंद.
दाणे राखाडी, खसखशीपेक्षा बारीक.
एक जास्त पडला तर एरचशा चिमट्याने उचलायचे,
ताटातला केस काढावा तसा.

कॅम्पात तोफांचा सराव चालला की
आमच्या फळीवरचे तांबे एकमेकांना लागून वाजायचे.
आणि हे एवढंसं.
एकदा मला हरसूलकडे नेलं होतं.
माळाच्या त्या टोकाला कुणी टाळी वाजवावी, इतकाच आवाज.
ससा बसल्या जागी कलंडला.
मी तो खाल्ला. चांगला लागला.
घरी येऊन वडिलांनी त्या काडतुसाच्या काठावर
कानशीने एक खूण केली. सातवी.

मग बहात्तरचा कायदा आला.
एरचशा डबा घेऊन आले, भरलेला.
"आता उलटं काम, सखाहरी."
गोळ्या उपटल्या, दारू कागदावर ओतली,
पुडी बांधून खिशात घातली.
"गुलाबाला घालते. माजू दे साल्याला."
वीस मोजली. वीस भरली.
चहा बशीत तसाच राहिला.

वडील गेल्यावर त्यांची पेटी उपसली.
लाकडी मोगऱ्यांखाली, तेलकट फडक्यात,
एकविसावं.
लेथवर सळईतून कोरून काढलेलं, गोळीसकट.
काठावर कानशीची एकही खूण नाही.
बुडाला ती परदेशी अक्षरं नाहीत,
तिथे आमच्या घागरींवरचा ठसा, स. व.,
तांदळाएवढा.

कधी केलं?
काटा तर मी आणायचे.

भद्रकाली चौकीत घेऊन गेले.
हवालदाराने उलटंपालटं करून पाहिलं.
मालक कोण? नाही. करणारा? गेला.
माप? मी सांगितलं, पॉइंटासकट.
त्याने रजिस्टरची पानं चाळली, असा रकाना नव्हता.
सोमवारी या म्हणाला, साहेब असतील.
असे बरेच सोमवार गेले.

कधीमधी कानाशी धरून हलवते.
आत काहीतरी सरकतं.
दारू असेल. भट्टीजवळची रेतीही असेल,
नुसतं वजन भरावं म्हणून घातलेली.
ते काही मला सांगता यायचं नाही.
गळ्यावरून अंगठा फिरवते.
चीर नाही.